किती खेळणी पुरेत? घरातला वाद आणि विज्ञानाचं म्हणणं

गणपती, दिवाळी आणि गावची जत्रा आली की वेल्हे तालुक्यातल्या वाड्यावस्त्या माणसांनी भरून जातात. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत कमी लोकसंख्येचा, डोंगराळ आणि भरपूर पावसाचा तालुका. आता त्याचं नाव राजगड तालुका झालं असलं तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, म्हणून घरटी एखादा तरी माणूस पुण्याला, मुंबईला किंवा महामार्गालगतच्या कारखान्यात कामाला असतो. सणाला तो घरी येतो तेव्हा हातात पिशव्या असतात. पिशवीत कपडे, मिठाई आणि लहान मुलांसाठी खेळणी. रिमोटची गाडी, दिवे लागणारी बंदूक, गाणं म्हणणारी बाहुली.

आणि त्याच संध्याकाळी वाद सुरू होतो. मुलाची आई म्हणते, ‘मागच्या दिवाळीची अजून पोत्यात पडलीयेत, आणखी कशाला आणली?’ बाबा म्हणतो, ‘वर्षातून चार दिवस तर भेटतो मी पोरांना.’ आजीचं म्हणणं, ‘आमची पोरं चिखलाची बैलं करून खेळली, मोठी झालीच ना?’ भाऊबिजेला मामा येतो तो आणखी एक मोठं खोकं घेऊन. त्याला बोलणार कोण? धाकट्या काकाच्या मुलांना मात्र एकच गाडी मिळालेली असते, आणि ती मुलं दारात उभी राहून बघत असतात.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. युरोप-अमेरिकेत नाताळ जवळ आला की नेमका हाच प्रश्न घराघरांत निघतो. झाडाखाली मुलांसाठी किती भेटी ठेवायच्या? आजी-आजोबांनी आणलेल्या धरायच्या की नाही? तिथल्या काही कुटुंबांनी तर चार भेटींचा नियमच करून टाकला आहे. एक मुलाला हवी ती, एक गरजेची, एक अंगावर घालायची आणि एक वाचायची. आपल्याकडे नाताळची जागा दिवाळीनं, जत्रेनं आणि अलीकडे वाढदिवसानं घेतलेली आहे. नियम मात्र कुठल्या घरात ठरलेला नसतो, म्हणून दरवर्षी तोच वाद नव्यानं होतो.

या वादात प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे. कुणाचं काय बरोबर आहे, हे बालविकास, मानसशास्त्र आणि बालआरोग्य या विषयांतल्या अभ्यासांवरून बऱ्यापैकी सांगता येतं.

चार खेळणी की सोळा?

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं त्यांनी घेतली. प्रत्येक मुलाला दोन वेळा खेळायला सोडलं. एकदा खोलीत चार खेळणी होती, एकदा सोळा. संशोधक फक्त बघत होते, की मूल किती खेळण्यांना हात लावतं, एकेका खेळण्याशी किती वेळ रमतं आणि त्याच्याशी किती निरनिराळ्या प्रकारे खेळतं.

सोळा खेळणी असताना मुलं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि त्याच खेळण्याचे जास्त उपयोग शोधून काढले. ठोकळा गाडी होतो, मग तोच ठोकळा घर होतो, मग चुलीवरचं भांडं होतो. या वयात लक्ष एका ठिकाणी टिकवण्याची क्षमता नुकती तयार होत असते. समोर खूप काही असलं की ती क्षमता सारखी मोडत राहते.

अभ्यास लहान आहे, आणि तो एका खोलीतल्या थोड्या वेळाचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं. त्यातून ‘पाचवं खेळणं आणलं की मूल बिघडलं’ असा अर्थ काढायचं कारण नाही. शिवाय यात मुलाकडे एकूण किती खेळणी आहेत हे तपासलेलंच नाही. तपासलं ते एवढंच, की एका वेळी समोर किती आहेत. हा फरक घरातल्या भांडणासाठी फार उपयोगाचा आहे. मामानं खोकं आणलं तर ते परत करायची गरज नाही. चार वस्तू बाहेर ठेवा, बाकीच्या माळ्यावर. पंधरा-वीस दिवसांनी त्या खाली घ्या आणि आधीच्या वर ठेवा. मुलासाठी त्या पुन्हा नव्याच असतात.

दर शनिवारची गाडी

आता बाबाच्या बाजूचा प्रश्न. भेटवस्तूनं मुलाला आनंद होतो, मग ती पुन्हा पुन्हा दिली तर काय बिघडलं?

मेंदू बक्षिसाचा हिशेब कसा ठेवतो, यावर वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याचा सिद्धान्त मांडला. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी जोरात काम करू लागत. मग संशोधकांनी रसाच्या आधी दर वेळी एक खूण द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर त्यांच्यात काही विशेष फरक पडेनासा झाला. खूण झाली पण रस आलाच नाही, तर मात्र त्या पेशींचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं. म्हणजे जे मिळालं त्यापेक्षा, अपेक्षेच्या तुलनेत किती मिळालं, याची नोंद मेंदू घेतो.

माकडाच्या रसावरून मुलाच्या खेळण्यावर थेट उडी मारणं बरोबर नाही. पण घरातला अनुभव याच्याशी जुळतो. शहरात काम करणारा बाप दर शनिवारी घरी येताना काही ना काही आणतो. पहिल्या दोन-तीन वेळा मूल नाचतं. दोन महिन्यांनी ते बापाकडे बघण्याआधी पिशवीकडे बघतं. एखाद्या शनिवारी हात रिकामे असले की रडारड होते. याला आपण ‘हट्टी झालंय पोर’ म्हणतो. खरं तर मुलाला जे नेमानं शिकवलं गेलं, तेच ते शिकलं आहे. शनिवार म्हणजे खेळणं.

यावर उपाय म्हणजे भेट बंद करणं नव्हे, तिचा नेम मोडणं. सणाची भेट सणाला. बाकी येण्या-जाण्याला मुलाशी खेळणं, त्याला शेतावर, ओढ्यावर घेऊन जाणं. अधूनमधून, मागितलेलं नसताना, एखादी छोटी वस्तू. त्या वस्तूचा आनंद नेमानं येणाऱ्या गाडीपेक्षा मोठा असतो.

वेळेच्या बदल्यात वस्तू

मोठी माणसं एवढं विकत का घेतात, हा प्रश्नही विचारायला हवा. दूर राहणाऱ्या आई-बापाच्या मनात एक खंत असते. आपण मुलाजवळ नाही, त्याचा अभ्यास घेत नाही, तापात उशाशी बसत नाही. ती भरून काढायला सगळ्यात सोपी गोष्ट हाताशी असते ती म्हणजे दुकान. यात प्रेम कमी नसतं, उलट जास्तच असतं.

मार्शा रिचिन्स आणि लान न्गुयेन चॅप्लिन या अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे सातशे प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. चांगलं वागलं म्हणून वस्तू मिळायची का, प्रेम दाखवायला वस्तू दिली जायची का, शिक्षा म्हणून वस्तू काढून घेतली जायची का? ज्यांच्या बालपणात वस्तूंचा असा वापर जास्त होता, ते मोठेपणी स्वतःचं यश आणि दुसऱ्याची किंमत वस्तूंवरून ठरवण्याकडे जास्त झुकलेले आढळले. हे लोकांच्या आठवणींवर आधारलेलं आहे, त्यामुळे एकामुळेच दुसरं घडलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही त्यातून एक गोष्ट सुचते. वस्तूंच्या संख्येइतकंच, वस्तू कशासाठी दिली यालाही महत्त्व आहे.

‘पहिला नंबर आणलास तर सायकल’ या आमिषाचाही यात विचार करायला हवा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९७३ साली झालेला एक प्रयोग आजही शिकवला जातो. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालंही. दोन आठवड्यांनी याच मुलांनी मोकळ्या वेळात चित्रकलेला इतरांपेक्षा कमी वेळ दिला. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा न सांगता मिळालं होतं, त्यांची गोडी टिकून होती. जे मूल आपणहून पुस्तक उघडतं, त्याला दर पानामागे बक्षीस लावू नये, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

मग खेळणी आणूच नयेत?

इथे आजीच्या बाजूलाही थोडं तपासायला हवं. ‘आमच्या वेळी काही नव्हतं’ हे खरं आहे, पण नसणं चांगलंच होतं, असं त्यावरून ठरत नाही.

जमैकाची राजधानी किंग्स्टन इथल्या गरीब वस्त्यांत १९८० च्या दशकात एक अभ्यास झाला. कुपोषणामुळे वाढ खुंटलेली, पाऊण ते दोन वर्षांची १२९ मुलं त्यात होती. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. सोबत घरगुती सामानातून बनवलेली साधी खेळणी असायची. सेविका आईला मुलाशी खेळायचं कसं, बोलायचं कसं हे दाखवायची, खेळणं घरी ठेवून जायची आणि पुढच्या आठवड्यात ते बदलून द्यायची. या मुलांचा बौद्धिक विकास इतरांपेक्षा चांगला झाला. वीस वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा त्यांची कमाईही सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष बालविकासाच्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो.

म्हणजे खेळणी चैनीची वस्तू नाहीत. लहान वयात ती लागतात. पण किंग्स्टनमध्ये फरक पडला तो दुकानातल्या महागड्या खेळण्यांमुळे नव्हे. थोडी खेळणी, ती नेमानं बदलणं आणि सोबत खेळणारं मोठं माणूस, या तिन्हींमुळे पडला. अंगणवाडीत ताई एका साध्या ठोकळ्यावर वीस मुलांना रंग शिकवते, तेव्हा ती हेच करत असते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा परदेशी पद्धतीची महाग साधनं बाजूला ठेवून शंख, खडे, पानं, बिया यांतून शिक्षणाची साधनं तयार केली. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी बनवून दाखवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. ही खेळणी मुलांनी स्वतः बनवायची आणि मोडली तर पुन्हा बनवायची असतात.

लहान मुलांना वस्तू मिळाल्याचा आनंद खोटा नसतो, हेही इथे सांगायला हवं. मोठ्यांच्या बाबतीत वस्तूंपेक्षा सहल, भेटीगाठी असे अनुभव जास्त समाधान देतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून काही पालक म्हणतात, खेळणं नको, त्यापेक्षा राजगडावर घेऊन जाऊ. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की लहान मुलांना अनुभवांपेक्षा वस्तूंनी जास्त आनंद होतो. अनुभवांची बाजू वरचढ होते ती पौगंडावस्थेत. अनुभव आठवून त्याचा पुन्हा आनंद घेण्यासाठी स्मरणशक्ती आणि समज लागते, ती वयानुसार येते. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला एखादं हातात धरण्याजोगं खेळणं मिळू द्या. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र आवडत्या मैत्रिणींसोबतची सहल जास्त लक्षात राहील.

बोलणारं खेळणं, गप्प बसणारं घर

कोणतं खेळणं आणायचं, यावरही थोडं. नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अ‍ॅना सोसा यांनी २०१६ मध्ये २६ आई-बाप आणि त्यांच्या दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांचा अभ्यास केला. घरीच तीन प्रकारच्या वस्तू दिल्या. बटण दाबलं की बोलणारी, गाणारी खेळणी, ठोकळे-कोडी अशी साधी खेळणी आणि चित्रांची पुस्तकं. घरातला आवाज ध्वनिमुद्रित केला. बोलणारं खेळणं हातात असताना आई-बाप सर्वांत कमी बोलले आणि बाळाच्या आवाजाला त्यांनी उत्तरंही कमी दिली. पुस्तक असताना ते सर्वांत जास्त बोलले. बाळ भाषा शिकतं ते माणसाच्या बोलण्यातून. खेळणंच बोलू लागलं की माणूस गप्प बसतो.

‘शैक्षणिक’ असं खोक्यावर छापलेलं महाग खेळणं घेण्यापूर्वी हे आठवावं. मोबाइल हे खेळणं म्हणून देण्याचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, अशी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

संख्येपेक्षा आधी सुरक्षितता

घरात वाद चालतो तो किती आणली यावर. पण डॉक्टरांच्या नजरेतून पहिला प्रश्न वेगळा आहे. जे आणलं ते सुरक्षित आहे का?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. पण जत्रेत, आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त खेळण्यांवर अनेकदा असं चिन्ह दिसत नाही. अशा खेळण्याचा रंग कसला, प्लास्टिक कुठलं आणि त्याचे भाग किती घट्ट बसलेत, हे कुणीच तपासलेलं नसतं. लहान मूल ते तोंडात घालतं. शिशासारखे जड धातू थोड्या प्रमाणातही मेंदूच्या वाढीला अपाय करतात.

सर्वांत मोठा धोका छोट्या, चपट्या, नाण्यासारख्या बॅटरीचा. दिवे लागणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या पुष्कळ खेळण्यांत, रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात ती असते. मुलानं ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर तिथल्या ओलाव्यातून वीजप्रवाह सुरू होतो, अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत आतली त्वचा गंभीर भाजू शकते. पुढे छिद्र पडून जीवही जाऊ शकतो. दुर्बिणीनं ती बाहेर काढण्याची सोय मोठ्या रुग्णालयातच असते, आणि तोरण्याच्या पायथ्याच्या किंवा पानशेतच्या मागच्या वाडीतून पुण्याला पोचायला दीड-दोन तास सहज जातात. म्हणून इथल्या घरांसाठी ही गोष्ट शहरापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी थांबू नका. मूल रडत नाही, खोकत नाही म्हणून ‘शौचातून पडेल’ अशी वाट बघू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं निघा आणि जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय आहे तिथेच थेट जा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा सल्ला विषबाधातज्ज्ञ देतात. मधाचा थर भाजण्याचा वेग थोडा कमी करतो. पण मध शोधण्यात पाच मिनिटंही घालवू नका.

खरेदी करताना चार गोष्टी बघा. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक, जो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होतं का. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटे छोटे भाग, मणी, लोहचुंबक नाहीत ना. आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी लहान मूल असलेल्या घरात आणूच नका, कारण गिळल्यावर ते आतड्यात फुगून अडकतात.

खाऊचा हिशेब

आपल्याकडे पाहुणा आला की मूल विचारतं, ‘खाऊ काय आणला?’ खेळण्यांपेक्षाही जास्त वेळा येणारी भेट ती हीच. पूर्वी खाऊ म्हणजे शेंगदाण्याचा लाडू, चुरमुरे, पेरू, बोरं. आता बहुतेक वेळा कुरकुऱ्या पाकिटांची माळ आणि रंगीत पेयाची बाटली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० ते १४०० कॅलरी लागतात. म्हणजे साखरेची वरची मर्यादा सुमारे ३३ ते ३५ ग्रॅम. २५० मिलिलिटर शीतपेयात साधारण २५ ग्रॅम साखर असते. तीन नातेवाइकांनी एकेक बाटली आणली, तर त्या दिवसाचा हिशेब तुम्हीच करा. वरून जेवण सुटतं आणि दात किडतात ते वेगळं. खेळण्यांवर घरात जेवढा वाद होतो, तेवढा खाऊवर होत नाही. खरं तर व्हायला हवा.

मोठ्यांचं भांडण आणि मुलांचे कान

आता मूळ वादाकडे. मुलांदेखत आई-बाबा, आजी-मामा भांडले तर काय होतं?

मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या मते मुलाला सर्वांत आधी हे हवं असतं, की आपलं घर भक्कम आहे. मोठ्यांचं मतभेद असणं मुलाला अपाय करत नाही. आरडाओरडा, टोमणे, दिवसेंदिवस चालणारा अबोला यांनी मात्र ते हादरतं. आणि भांडण सुरू झालेलं मुलानं पाहिलं असेल, तर ते मिटलेलंही त्याला दिसायला हवं. मिटलेलं दिसलं की त्याचा ताण बराच कमी होतो. त्यामुळे ‘तुझ्या मामानं नको ते आणलं’ असं मुलासमोर बोलण्यापेक्षा मामाशी सणाच्या आधी बोललेलं बरं.

एकत्र कुटुंबात आणखी एक गोष्ट जपावी लागते. ती म्हणजे चुलत भावंडांतली बरोबरी. स्वित्झर्लंडमध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की तीन-चार वर्षांची मुलं बहुतांशी स्वतःपुरतं बघतात, पण सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं समान वाटणीच्या बाजूनं कौल देतात. म्हणजे दारात उभं राहून बघणारं आठ वर्षांचं मूल फक्त हेवा करत नसतं. अन्याय म्हणजे काय, हे त्याला कळायला लागलेलं असतं. एका घरात सणाची खेळणी आणायची तर सगळ्या मुलांसाठी साधारण सारखी आणावीत. ते परवडत नसेल तर सगळ्यांना मिळून खेळता येईल असा एक बॅट-बॉल, एक कॅरम आणावा.

त्यासाठी सणाच्या पंधरा दिवस आधी घरातल्या मोठ्यांनी एकदा फोनवर बोलून घ्यावं. प्रत्येक मुलामागे एकूण किती वस्तू आणि साधारण किती रुपये, हे ठरवावं. कोण काय आणणार हे वाटून घ्यावं. एकानं कपडे, एकानं पुस्तक, एकानं खेळणं. आजी-आजोबांचा यातला अधिकार मान्य करावा. त्यांना ‘तुम्ही आणू नका’ असं सांगण्याऐवजी ‘तुम्ही भोवरा द्या आणि फिरवायला शिकवा’ असं सांगावं. कर्ज काढून किंवा उधारीवर खेळणी आणायची नाहीत, हेही उघड बोलावं. आकडा किती असावा, याचं उत्तर कुठल्याच अभ्यासात नाही. तो प्रत्येक घरानं आपल्या खिशाप्रमाणे ठरवायचा. फायदा आकड्यापेक्षा ठरवण्यात जास्त आहे.

मुलालाही देऊ द्या

या वादात मुलाला आपण फक्त घेणारा समजतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लारा अ‍ॅकनिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन वर्षांखालच्या मुलांना छोटी बिस्किटं दिली आणि मग ती एका बाहुल्याला द्यायला सांगितली. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजला तेव्हा बिस्किटं मिळाली त्या वेळेपेक्षा देताना तो जास्त होता. आणि वाडग्यातलं बिस्किट देण्यापेक्षा स्वतःच्या वाट्यातलं देताना आणखी जास्त. दिवाळीत जुनी पण धड खेळणी निवडून वस्तीतल्या लहान मुलाला किंवा अंगणवाडीला द्यायचं काम मुलाकडेच द्या. कोणती द्यायची हे त्यालाच ठरवू द्या. न विचारता काढून घेतलेलं खेळणं ही शिक्षा वाटते, स्वतः दिलेलं ही त्याची भेट असते.

आणि दिवाळीतलं सर्वांत चांगलं खेळणं दुकानात मिळत नाही. ते म्हणजे किल्ला. माती, दगड, पोत्याचा तुकडा, वर पेरलेली मोहरी किंवा हळीव. तो एकट्यानं होत नाही, चार-पाच भावंडं आणि शेजारची मुलं लागतात. माती कालवायची, उतार धरायचा, बुरूज ढासळला की पुन्हा उभा करायचा, पाणी कुठून वाहील ते बघायचं, मोहरी कधी उगवेल याची वाट बघायची. हाताच्या स्नायूंचं काम, नियोजन, भांडण आणि समेट असं सगळं त्यात येतं. बालविकासाचं कुठलंही पुस्तक लहान मुलांच्या खेळात ज्या गोष्टी मागतं, त्यातल्या बहुतेक यात आहेत.

वेल्ह्याच्या मुलांना तर नमुना शोधायला पुस्तक उघडावं लागत नाही. समोर तोरणा आहे, पलीकडे राजगड. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. बाहेरगावाहून आलेल्या बापानं पिशवीतून मातीचे चार मावळे काढावेत आणि मुलांसोबत चिखलात हात घालून बसावं. चार मावळ्यांनी एक आख्खी दिवाळी सहज निघते.